अनोळखी माणसाचा हुंकार

साहेबांबद्दल मैत्रिणीला लिहिलेला मेसेज चुकून साहेबांनाच गेला. पालकसभेत बाईंनी केलेलं कौतुक भरल्या डोळ्यांनी ऐकून घेतलं आणि मग कळलं, की बाई दुसऱ्याच मुलाबद्दल बोलत होत्या. होणाऱ्या सासूबाईंना भेटायला निघालेल्या मुलीचं लिफ्टमध्ये एका बाईंशी चांगलंच वाजलं, आणि पाचव्या मजल्यावर ज्या दारापाशी ती थांबली त्याच दाराला त्या बाईंनी किल्ली लावली.

अशा गोष्टी घरी सांगितल्या तर वर्षानुवर्षं चिडवणं चालतं आणि ऑफिसात सांगितल्या तर संध्याकाळपर्यंत टपरीवर पोचतात. म्हणून माणसं त्या नाव न लावता इंटरनेटवर सांगतात. चार ओळींची आपबीती असते, सांगणाऱ्याचं नाव-गाव काही नसतं. पाच मिनिटांत खाली लोक बोलू लागतात. ‘हसून हसून मेले.’ ‘पाठवायच्या आधी बघायचं ना.’ ‘तुझीच चूक आहे.’ ‘अगं, माझंही अगदी असंच झालं होतं.’ ‘काहीही फेकू नका.’ कुणी नुसता एक हसरा चेहरा टाकून पुढे सरकतो.

जाता जाता टाकलेल्या या शब्दांची कुणी फारशी दखल घेत नाही, लिहिणाराही नाही. सांगणारा मात्र घेतो. तो पुन्हा पुन्हा येऊन पाहतो, कोण काय म्हणालं ते वाचतो आणि ‘तुझीच चूक’ हे दोन शब्द घेऊन झोपायला जातो. गोष्ट सांगताना समोरच्यानं ‘हूं’ म्हणत राहावं ही आपली जुनी रीत आहे. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. नाव न सांगता सांगितलेल्या गोष्टीला असा हुंकार मिळतो का, आणि मिळत नसेल तर वाटेत काय होतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी हे, की जवळच्यांना सोडून माणूस परक्यालाच का सांगतो. गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञानं १९०८ साली ‘परका’ या विषयावर काही पानं लिहिली. आज आलेला आणि आपल्यात पुरता न मिसळलेला माणूस त्याला त्यात अभिप्रेत होता. अशा माणसापाशी लोक मन मोकळं करतात, अगदी पाद्र्यापाशी द्यावी तशी कबुली देतात, आणि तीच गोष्ट सख्ख्यांपासून जपून ठेवतात, असं त्याचं निरीक्षण होतं. यात नवल नाही. जवळच्याला सांगितलेलं आपल्या नात्यात राहून जातं. परका निघून जातो आणि आपलं गुपितही त्याच्याबरोबर जातं. मुंबई-पुणे गाडीत खिडकीशी बसलेल्या अनोळखी माणसानं कर्जतपर्यंत आपल्या घरातली सगळी भांडणं सांगून टाकलीत, हा अनुभव पुष्कळांना आला असेल.

झिक रुबिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हीच गोष्ट बॉस्टनच्या लोगन विमानतळावर तपासून पाहिली. त्याचा लेख १९७५ सालचा आहे. विमानाची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांकडे त्याचे विद्यार्थी जात आणि हस्ताक्षराचा नमुना मागत. कागदाच्या वरच्या भागात विद्यार्थ्यानं स्वतःबद्दल दोन-चार वाक्यं लिहिलेली असत, खाली प्रवाशानं लिहायचं. वरची वाक्यं वरवरची असली तर प्रवासीही वरवरचं लिहून कागद परत देत. वर काही खासगी, मनातलं असलं तर प्रवाशांच्या हातूनही मनातलं उतरे. कुणी त्यांना ‘मोकळेपणानं लिहा’ म्हटलेलं नव्हतं. आधीच्या माणसानं दार उघडलं होतं, एवढंच. याला मर्यादाही होती. खूप खासगी मजकूर खास आपल्यालाच उद्देशून लिहिला जातोय असं वाटलं, की प्रवासी हात आखडता घेत. परक्याची सलगी फार झाली की संशय येतो. पण मूळ गोष्ट पक्की राहते. गोष्टीतून गोष्ट निघते.

मग सांगणाऱ्याला हवं तरी काय असतं? नुसतं लिहून मोकळं व्हायचं असेल तर त्यासाठी वाचकाची गरज नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली हे दाखवून दिलं. डॅलसमधल्या विद्यार्थ्यांना त्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक घटनेबद्दल लिहायला लावलं. लेखनावर कुणी चर्चा करणार नव्हतं, शाबासकी देणार नव्हतं. लिहून झाल्या झाल्या मुलं आणखीच उदास झाली. पण ज्यांनी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना अशा दोन्ही लिहिल्या, ती पुढच्या महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात इतरांपेक्षा कमी वेळा गेली. म्हणजे वहीनंही काम भागतं.

वही एक गोष्ट मात्र देऊ शकत नाही. हे माझ्या एकटीच्याच वाट्याला येतं का, या प्रश्नाला वहीपाशी उत्तर नसतं. स्टॅनफर्डमधल्या अलेक्झांडर जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली याच प्रश्नाच्या मुळाशी जाणारे प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना त्यांनी स्वतःच्या आयुष्यातल्या बऱ्यावाईट प्रसंगांबद्दल विचारलं, आणि बाकीच्यांच्या वाट्याला असं किती येत असेल याचा अंदाजही विचारला. दुसऱ्यांच्या दुःखाबद्दलचे अंदाज सातत्यानं कमी निघाले. कारण उघड आहे. आपण रडतो ते दार लावून, आणि चारचौघांत येतो ते तोंड धुऊन. प्रत्येक जण बाकीच्यांना तोंड धुतल्यावरच पाहतो. ज्यांचा अंदाज जास्त चुकला होता त्यांना एकटेपणाही जास्त वाटत होता. घरोघरी मातीच्या चुली हे आपल्याला पाठ असतं, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावण्याची सोय नसते. नाव न लावता सांगितलेल्या आपबीती ही ती सोय आहे. पालकसभेत फजिती झालेली आई जेव्हा वाचते, की आणखी तिघींचं असंच झालं होतं, तेव्हा तिच्या अंगावरचं ओझं खरोखर उतरतं. त्या तिघींनी तिला सल्ला दिलेला नसतो, धीरही दिलेला नसतो.

म्हणूनच ‘माझंही असंच झालं होतं’ हे वाक्य मला या सगळ्या गर्दीत सर्वांत मोलाचं वाटतं. खेद असा, की या गोष्टी मांडण्यासाठी जी साधनं उभी राहिली त्यांत या वाक्याला फारशी जागा ठेवली गेली नाही.

फ्रान्समध्ये २००८ साली ‘व्हीडीएम’ नावाचं संकेतस्थळ सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. तिथला साचा ठरलेला होता. प्रत्येक आपबीती ‘आज’ या शब्दानं सुरू होई, काही ओळींत संपे आणि शेवटी ‘काय हे माझं आयुष्य’ अशा अर्थाची तीन अक्षरं येत. खाली दोन बटणं होती. एकाचा अर्थ ‘खरंच, वाईट झालं तुझं’ आणि दुसऱ्याचा ‘तुझ्या कर्माची फळं’. प्रत्येक गोष्टीखाली दोन्ही बाजूंचे आकडे दिसत. जगभर लोक त्यावर हसले आणि त्यात वावगं काही नाही. फजितीवर हसणं हा माणसांना जवळ आणणाराच प्रकार आहे. पण त्या दोन बटणांनी वाचकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं. कीव करा नाहीतर दोष द्या. ‘मलाही’ म्हणायला तिसरं बटण नव्हतं.

दोष देण्याचं दुसरं बटण इतकं सहज दाबलं जातं, त्यामागे फक्त दुष्टावा असतो असं मला वाटत नाही. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे सविस्तर सांगायला हवा. काही विद्यार्थिनींना पडद्यावर एक मुलगी दाखवली गेली. ती शिकण्याच्या प्रयोगात भाग घेते आहे आणि चुकल्यावर तिला विजेचे झटके बसताहेत, असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात झटके खोटे होते, मुलगी अभिनय करत होती. पाहणाऱ्यांपैकी काहींना मध्येच सांगितलं गेलं, की आता तुम्ही मत देऊन हिचा त्रास थांबवू शकता. जवळजवळ सगळ्यांनी थांबवण्याच्या बाजूनं मत दिलं. दुसऱ्या गटाला अशी काही सोय नव्हती. त्यांनी नुसतं पाहायचं होतं, आणि पुढेही हे चालूच राहणार असं त्यांना सांगितलं होतं.

मग सगळ्यांना त्या मुलीबद्दलचं मत विचारलं. ज्यांना त्रास थांबवता आला होता त्यांनी तिच्याबद्दल बरं मत दिलं. ज्यांना नुसतं पाहावं लागलं होतं त्यांना तीच मुलगी कमी आवडली. तिनं कुणाचं वाकडं केलं नव्हतं. तरी असहायपणे पाहणाऱ्यांनी तिच्यातच खोट काढली. लर्नरनं पुढे १९८० मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की जग न्यायी आहे, चांगल्याचं चांगलं होतं, या विश्वासावर आपण रोज घराबाहेर पडतो. निरपराध माणसाला भोगताना पाहिलं की या विश्वासाला तडा जातो. भोगणं थांबवता आलं तर तडा सांधतो. थांबवता येत नसेल तर एकच वाट उरते, ती म्हणजे तिचंच काहीतरी चुकलं असणार असं मानण्याची.

आता हाच प्रयोग मोबाईलच्या पडद्यावर आणून पाहा. रात्री अकरा वाजता कुणीतरी लिहितं, की बारा वर्षांच्या मैत्रिणीनं माझ्या नावावर कर्ज काढलं आणि आता ती फोन उचलत नाही. वाचणारा काय करू शकतो? पैसे देऊ शकत नाही, मैत्रिणीला गाठू शकत नाही, सांगणारी कोण हेसुद्धा त्याला ठाऊक नाही. तो लर्नरच्या दुसऱ्या गटात बसलेला आहे. ‘सही करायच्या आधी वाचायचं ना’ असं तो लिहितो आणि त्याला बरं वाटतं. कारण तो स्वतः सही करण्याआधी वाचतो, तेव्हा हे त्याच्या बाबतीत होणार नाही. प्रतिक्रिया कर्जात अडकलेल्या बाईला उद्देशून असली तरी त्या प्रतिक्रियेनं धीर दिला तो ती लिहिणाऱ्याला. हे एकदा ध्यानात आलं, की आपल्याच बोटांवर नजर ठेवता येते. ‘आधी कळायला हवं होतं’ असं टाइप करताना, आपल्याला नेमकी कशाची भीती वाटली, हे स्वतःला विचारता येतं.

त्यात पहिला कोण बोलला यावर पुष्कळ काही ठरतं. लेव्ह मुच्निक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावर एक लाखाहून अधिक शेऱ्यांना त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं, म्हणजे मजकूर न बघता, एक कृत्रिम पहिलं मत दिलं. काहींना पसंतीचं, काहींना नापसंतीचं, आणि बाकीचे तसेच सोडले. पसंतीचं मत मिळालेल्या शेऱ्याला पुढच्या वाचकाकडूनही पसंती मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटी अशा शेऱ्यांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वर गेले. नापसंतीच्या मताचा असा ढीग झाला नाही. पुढच्या वाचकांनी ते बऱ्याच अंशी भरून काढलं. मला यात मोठा दिलासा वाटतो. चांगुलपणाची री ओढायला लोक तयार असतात, आणि अन्याय झालेला दिसला तर सावरायलाही. फक्त पहिला ‘मलाही’ कुणीतरी लवकर म्हणायला हवा.

लोक इतकं टोचून का बोलतात, याचं खापर नेहमी नाव लपवण्यावर फुटतं. इस्रायलमधल्या नोआम लॅपिडॉट-लेफ्लर आणि अझी बराक यांचा २०१२ सालचा अभ्यास वेगळंच सुचवतो. अनोळखी जोड्यांना त्यांनी संगणकावरून एका अवघड प्रश्नावर चर्चा करायला लावली. काहींना एकमेकांची नावं माहीत होती, काहींना नव्हती. काही एकमेकांना दिसत होते, काही नव्हते. काहींची नजरेला नजर भिडत होती, काहींची नव्हती. शिवीगाळीशी सर्वांत घट्ट संबंध निघाला तो नजर न भिडण्याचा. नाव ठाऊक असणं त्यामानानं फारसं आड आलं नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिथे सगळ्यांची नावं आणि नाती सगळ्यांना ठाऊक असतात, तिथेही काका-पुतण्यांची जी जुंपते तिचा उलगडा यातून होतो.

नजर भिडली म्हणजे बोलणं गोडच होतं असंही नाही. पण समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं की जीभ आवरते. महाराष्ट्रात गोष्ट सांगण्याची आणि तिला हुंकार देण्याची जी एक जुनी जागा होती, तिथे दोन बाया समोरासमोर बसत. जातं मध्ये, खुंटा दोघींच्या हातात. पहाटेचा अंधार असे, घरातले पुरुष झोपलेले असत. सासरचा जाच, माहेरी जायची आस, न येणारा भाऊ, गेलेलं लेकरू, सगळं ओवीत येई. ओवी पुष्कळदा जात्यालाच उद्देशून असे, कारण जातं कुणाला जाऊन सांगत नाही. ओवीला कर्ता नसतो. जी गाते तिची ती होते, पण तिनं ती आईकडून, जावेकडून, शेजारणीकडून घेतलेली असते. एकीचं दुःख अशा तऱ्हेनं नाव न लागता फिरत राहतं.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती समोरच्या बाईचं वागणं. तिनं ओवी ऐकली आणि ‘तुझंच चुकलं’ म्हटलं, असं होत नसे. ती हाताला हात लावून जातं ओढत राही आणि पहिलीची ओवी संपली की आपली ओवी लावी. उत्तर म्हणून दुसरी गोष्ट. रुबिनचे प्रवासी विमानतळावर जे करत होते तेच या बाया शतकानुशतकं करत होत्या. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी पॉइत्व्हॅं आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हा ठेवा आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहातून ऐकायला मिळतो. गिरणी आली आणि घराघरांतलं जातं उठलं. त्या बायांच्या पाठीचे कष्ट वाचले याचा आनंदच मानायला हवा. पण गोष्टीला गोष्टीनं उत्तर देण्याची ती बैठकही मोडली, आणि तिच्या जागी दुसरी लवकर आली नाही.

आजच्या तरुण मुलांनी आपापल्या परीनं ती उभी करून पाहिली. २०१३च्या सुमारास देशभरातल्या कॉलेजांत फेसबुकवर ‘कन्फेशन’ पानांची लाट आली होती. एक गूगल फॉर्म असायचा. त्यात जे मनात आहे ते लिहायचं, नाव विचारलं जायचं नाही. अ‍ॅडमिन कोण हेही गुप्त असे. तो आलेल्या मजकुराला क्रमांक देऊन पानावर टाकी. लायब्ररीत निळ्या कुर्त्यातल्या मुलीवर प्रेम बसल्याची कबुली असे, मेसच्या आमटीबद्दल तक्रार असे, आणि मधूनच एखादा मुलगा लिहून जाई, की घरच्यांनी शेत विकून शिकायला पाठवलंय आणि मी तीन विषयांत नापास झालोय हे अजून सांगितलेलं नाही. अशा गोष्टीखाली सीनियर मुलांनी ‘मी चार विषयांत नापास झालो होतो, आज नोकरीला आहे’ असं लिहिलं, की पानाचं सार्थक होई. त्याच पानावर कुणाच्या दिसण्याची, जातीची, चारित्र्याची निंदाही होई, आणि जिच्याबद्दल लिहिलंय तिला कॉलेजात सगळे ओळखत असत. सांगणारा गुप्त होता, जिची बदनामी झाली ती मात्र नव्हती.

‘मलाही’ हे उत्तर सगळीकडे चालतं, असं मी म्हणणार नाही. बायकोवर हात उगारला, माझं चुकलं का, असं कुणी विचारलं तर तिथे चार जणांनी ‘आमच्याकडेही होतं असं’ म्हणणं हे अभय देणं झालं. कुणी जगणं नकोसं झाल्याचं लिहिलं तर तिथे गोष्टीला गोष्ट पुरत नाही. तिथे लगेच माणूस गाठून द्यावा लागतो. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून त्यासाठीच आहे. आणि काही प्रश्न असे असतात की त्यांना माहितीच लागते, सहानुभूतीनं भागत नाही. तिथे उत्तर देणारा जाणता हवा, आणि आपल्या उत्तरामागे उभा राहणारा हवा.

जॉन डंटन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्यानं १६९१ साली ‘अथीनियन मर्क्युरी’ हे नियतकालिक सुरू केलं, तेव्हा उत्तर देणारेही पडद्याआड होते. वाचकांनी कॉफीहाउसच्या पत्त्यावर नाव न लावता प्रश्न धाडायचे आणि विद्वानांच्या एका मोठ्या मंडळानं छापील उत्तरं द्यायची, अशी कल्पना. प्रत्यक्षात ते मंडळ म्हणजे डंटन आणि त्याचे दोन-तीन मित्र, एवढंच होतं. तरी लग्न, प्रेम, वचनभंग, पापाची टोचणी यांबद्दल प्रश्नांचा पाऊस पडला आणि पत्र १६९७ पर्यंत चाललं. मुंबईत आपल्या काळात डॉ. महिंदर वत्स यांनी २००५ पासून ‘मुंबई मिरर’मध्ये लैंगिक प्रश्नांना स्वतःच्या नावानिशी दोन-दोन ओळींची उत्तरं दिली. २०२० च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा त्यांचं वय ९६ होतं. त्यांची उत्तरं हसवणारी असत, पण विचारणाऱ्याला हसणारी नसत. ज्याला आपण सहज दिलेली प्रतिक्रिया म्हणतो ती किती जपून देता येते, हे त्या दोन ओळींत दिसे.

पण आपल्या उत्तरांमागे उभं राहण्याची मोठी किंमत मोजली ती र. धों. कर्व्यांनी. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून त्याआधीच प्राध्यापकाची नोकरी गेलेली होती. मासिकात वाचक आपल्या शरीराबद्दलच्या, संसारातल्या, रात्रीच्या अंधारातल्या शंका विचारत. त्या काळी घरात, दवाखान्यात, देवळात कुठेच ज्या विचारता येत नव्हत्या अशा शंका. कर्वे शास्त्राला धरून, न लाजता, न रागावता उत्तर देत. याच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक ज्ञान देण्यासाठीच निघालेल्या मासिकानं वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नाहीत तर करायचं काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला.  मासिक कर्व्यांनी १९५३ साली मरेपर्यंत चालवलं.